सोंगटी पुढे सरकली, पण शिकलो काय?

ठाणे आणि ऐरोली यांच्या दरम्यान 'दिघा गाव' हे स्थानक १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाले. तोपर्यंत दिघ्यातल्या माणसाला लोकल पकडायची तर ऐरोली किंवा ठाणे गाठावे लागे. आता सकाळच्या वेळी या फलाटावर कामगार, ऐरोलीच्या संगणक संकुलांत जाणारे तरुण आणि क्लासला निघालेली मुले अशी सरमिसळ गर्दी असते.

एके दिवशी आमच्या शेजारची नववीतली मुलगी माझ्याबरोबरच गाडीत चढली. जागा मिळण्याआधीच तिने मोबाइल काढला आणि विज्ञानाच्या अभ्यासाचे एक ॲप उघडले. 'बर्फ ही पाण्याची कोणती अवस्था आहे?' असा प्रश्न आणि खाली चार पर्याय. प्रश्न पुरता वाचण्याच्या आतच तिचे बोट योग्य उत्तरावर पडत होते. दहा प्रश्न, दहाही बरोबर. पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडाले, एक घंटी वाजली आणि आकडा झळकला : ११२ दिवस! ऐरोली यायच्या आत हा सारा 'अभ्यास' आटोपला होता.

"हे तर तुला पाचवीपासून येतंय ना?" मी विचारले.

"हो काका. पण आज वेळ नव्हता. सोपा पाठ केला तरी साखळी तुटत नाही."

"आणि काल?"

ती हसली. "कालही बहुतेक हाच केला."

मुलगी आळशी नाही आणि मंद तर मुळीच नाही. तिने नियम नीट समजून घेतला आणि त्या नियमानुसार जे करायला हवे ते कमीत कमी वेळात केले. ॲपच्या हिशेबात ती सलग ११२ दिवस हजर असलेली आदर्श विद्यार्थिनी आहे. शिक्षकाच्या हिशेबात त्या सकाळी काहीच घडलेले नाही. हे दोन हिशेब इतके वेगळे का पडावेत, हा या लेखाचा विषय आहे. आपल्या वर्गातील अनेक मुलांच्या हातात आज असे एखादे ॲप असते. तेव्हा हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा राहिलेला नाही.

खेळीकरण म्हणजे काय?

जे काम मुळात खेळ नाही, त्याला खेळातले घटक जोडायचे आणि माणसाला त्यात गुंतवून ठेवायचे, या तंत्राला इंग्रजीत 'गेमिफिकेशन' म्हणतात. हा शब्द २००२ च्या सुमारास निघाला आणि २०१० नंतर सर्वत्र पसरला. आपण त्याला 'खेळीकरण' म्हणू. यातले घटक आपल्या ओळखीचे आहेत. गुण, बिल्ले, पातळ्या, क्रमवारी, किती काम झाले ते दाखवणारी पट्टी, रोजच्या हजेरीची साखळी आणि अधूनमधून मिळणारे अनपेक्षित बक्षीस. पैसे पाठवण्याच्या ॲपपासून चालण्याची पावले मोजणाऱ्या घड्याळापर्यंत सर्वत्र हेच सात-आठ घटक निरनिराळ्या वेषांत दिसतात.

भाषा शिकवणारे 'ड्युओलिंगो' हे ॲप याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. २०१२ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. त्यात रोजच्या अभ्यासाची साखळी असते. दर आठवड्याला साधारण तीस जणांच्या गटात गुणांची चढाओढ लागते आणि कांस्यपासून हिऱ्यापर्यंत दहा पायऱ्या असतात. त्यात आणखी एक सोय आहे, ती मात्र विचार करण्यासारखी आहे. एखाद्या दिवशी अभ्यास झाला नाही तर साखळी 'गोठवून' ठेवता येते. म्हणजे ज्या दिवशी काहीच शिकले गेले नाही त्या दिवशीही साखळी अखंड राहू शकते. यावरून साखळीचे काम काय ते स्पष्ट होते. शिकणे किती झाले हे मोजण्यासाठी ती नाही, माणूस उद्या परत यावा यासाठी आहे.

तीन जुनी सूत्रे

हे घटक इतके प्रभावी का ठरतात? त्यामागे मानसशास्त्रातील तीन प्रसिद्ध निष्कर्ष आहेत आणि तिन्ही मोबाइलच्या आजच्या वापराहून जुने आहेत.

पहिला निष्कर्ष अनिश्चित बक्षिसाचा. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी कबुतरांवरील प्रयोगांचे प्रचंड संकलन १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. कळीवर चोच मारली की दाणा मिळतो, अशी ती रचना होती. दाणा ठरावीक टोचांनंतर न देता कधी लवकर, कधी उशिरा असा बेभरवशाचा दिला, तर कबुतरे न थांबता, जलद टोचत राहत. बक्षीस बंद केल्यावरही हा नाद लवकर सुटत नसे. जुगाराच्या यंत्राचे तत्त्व हेच. पैसे पाठवल्यावर मिळणारे, बोटाने खरवडायचे कार्ड हे त्याचेच सौम्य रूप. २०१९ च्या दिवाळीत 'गूगल पे'ने दिवा, झुमका, फुले, कंदील आणि रांगोळी अशी पाच चित्रे जमवण्याची टूम काढली होती. पाचही जमली की २५१ रुपये मिळत. त्यांतली रांगोळी मिळता मिळत नसे. एरवी चार-पाच रुपयांसाठी डोके न खाजवणारी माणसे त्या दिवसांत ओळखीपाळखीच्यांकडे रांगोळी मागत फिरत होती, हे अनेकांना आठवत असेल.

दुसरा निष्कर्ष जवळ आलेल्या टोकाचा. उद्दिष्ट जवळ दिसू लागले की पावले भराभर पडतात. जोसेफ नूनेस आणि झेव्हियर द्रेझ यांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी धुण्याच्या केंद्रावर काही ग्राहकांना आठ शिक्क्यांचे कार्ड दिले. आठ भरले की एक धुणे फुकट. इतरांना दहा शिक्क्यांचे कार्ड दिले, पण त्यावर दोन शिक्के आधीच मारलेले होते. दोघांनाही लागणारे शिक्के आठच. तरीही पहिल्या गटातील १९ टक्के ग्राहकांनी कार्ड पूर्ण केले, तर दुसऱ्या गटातील ३४ टक्क्यांनी. 'तुमची माहिती ४० टक्के भरून झाली आहे' असे सांगणारी पट्टी याच तत्त्वावर चालते.

तिसरा निष्कर्ष हानीच्या भीतीचा. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले की एखादी गोष्ट मिळाल्याचा आनंद आणि तीच गमावल्याचे दुःख यांचे वजन सारखे नसते. दुःख जड भरते. साखळीचा आकडा १ असताना ती तुटली तर कोणाला काही वाटत नाही. आकडा ११२ झाला की ती आपली मिळकत होऊन बसते. मग शिकण्याची इच्छा बाजूला राहते आणि मिळकत राखण्याची धडपड सुरू होते.

आता या तिन्ही निष्कर्षांकडे पुन्हा एकदा पाहावे. त्यांत एक गोष्ट समान आहे. आतल्या मजकुराशी त्यांना कर्तव्य नाही. कळीवर टोचणे असो, गाडी धुणे असो वा विज्ञानाचा पाठ असो, सूत्रे तशीच लागू पडतात. हीच त्यांची ताकद आहे आणि शिक्षणाच्या दृष्टीने हाच त्यांचा दोष आहे. तो दोष आपल्याकडच्या एका जुन्या खेळाच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतो.

मोक्षपटाची गोष्ट

आज ज्याला आपण सापशिडी म्हणतो त्याचे जुने रूप म्हणजे मोक्षपट. महाराष्ट्रातील परंपरा त्याचा संबंध संत ज्ञानेश्वरांशी जोडते. अर्थात आज हाती असलेले जुने पट ज्ञानेश्वरांच्या काळानंतर पुष्कळ उशिराचे आहेत, त्यामुळे ही परंपरेची श्रद्धा म्हणून घ्यावी, इतिहासाचा पुरावा म्हणून नव्हे. ज्ञानचौपड या नावाने असे पट जैन आणि वैष्णव परंपरांतही होते. कुठे ७२ घरांचे, कुठे ८४ घरांचे. घराघरात नावे लिहिलेली असत. दया, श्रद्धा, ज्ञान अशा सद्गुणांच्या घरातून शिडी वर जाई; क्रोध, लोभ, मद अशा दुर्गुणांच्या घरात सापाचे तोंड असे. शेवटचे घर मोक्षाचे. म्हणजे शिकवण देण्यासाठी खेळाचा उपयोग करण्याची कल्पना आपल्याला नवी नाही.

पुढे काय झाले? हा खेळ इंग्रजांबरोबर इंग्लंडला गेला आणि १८९० च्या दशकात तिथे छापून विकला जाऊ लागला. तिथल्या सुरुवातीच्या पटांवर मोक्षाऐवजी त्या समाजाला प्रिय असलेले काटकसर, उद्योग यांसारखे गुण आले. अमेरिकेत १९४३ मध्ये सापांच्या जागी घसरगुंड्या आल्या आणि शहाण्या-खोडकर मुलांची चित्रे आली. शेवटी बहुतेक पटांवरून शब्द पार निघून गेले. उरले १ ते १०० आकडे, काही साप आणि काही शिड्या. आज आपल्या बाजारात मिळणाऱ्या पटावर दया नाही आणि लोभही नाही. तरीही खेळ तसाच चालतो. मुले तितकीच ओरडतात, ९८ वरचा साप तितकाच झोंबतो.

यातून जी गोष्ट सिद्ध होते ती कटू आहे. शिकवण पटावर लिहिलेली होती, खेळण्याच्या क्रियेत नव्हती. सापशिडीत खेळणाऱ्याला एकही निर्णय घ्यावा लागत नाही. फासा पडेल तितकी घरे सरकायचे, एवढेच त्याच्या हाती. दयेच्या घरात आपण दयाळू होतो म्हणून पोहोचत नाही, चार पडले म्हणून पोहोचतो. कोणी म्हणेल की दैवाची सत्ता हीच तर यातली शिकवण. ते मान्य केले तरी घरांच्या नावांना काही काम उरत नाही. एखादे वडीलधारे माणूस शेजारी बसून प्रत्येक घराचे नाव वाचून दोन शब्द सांगत असेल, तर मुले त्यातून निश्चित काही शिकत असतील. पण मग शिकवणारा तो माणूस होता, पट नव्हे. तो माणूस उठून गेला तेव्हा अक्षरेही पुसली गेली आणि खेळात काहीच बिघडले नाही.

मराठीत आणखी एक गंमत आहे. सद्गुण हेही 'गुण' आणि परीक्षेत मिळतात तेही 'गुण'. मोक्षपटाच्या प्रवासात पहिले गुण गेले आणि मोजता येणारे गुण तेवढे राहिले. आजच्या पुष्कळशा शैक्षणिक ॲपांत हाच प्रवास काही महिन्यांत पुरा होतो.

खोडरबराची कसोटी

यावरून कोणत्याही शैक्षणिक खेळाला किंवा ॲपला लावता येईल अशी एक सोपी कसोटी मिळते. मनातल्या मनात खोडरबर घ्यावे आणि त्यातला विषय पुसून टाकावा. विज्ञानाच्या जागी चित्रपटांची नावे घालावीत. खेळ जसाच्या तसा चालला, तर तो खेळ विज्ञान शिकवत नाही; विज्ञानाच्या शेजारी बसून माणसाला थोपवून धरतो, एवढेच. विषय पुसताच खेळ अडला, तर मात्र त्यात विषय खरोखर मुरलेला आहे असे समजावे.

या कसोटीला उतरणारे खेळ आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ मध्ये 'फोल्डइट' नावाचा खेळ तयार झाला. त्यात पडद्यावर प्रथिनाच्या रेणूची साखळी दिसते आणि खेळाडूने तिला वळवून, दुमडून योग्य घडी घालायची असते. घडीची ऊर्जा जितकी कमी, तितके गुण जास्त. प्रत्यक्षातही बहुतेक प्रथिने कमी ऊर्जेच्या स्थितीत स्थिरावतात. म्हणजे इथले गुण वरून चिकटवलेले नाहीत, निसर्गाच्याच नियमाचे ते मोजमाप आहे. माकडांना एड्ससारखा रोग जडवणाऱ्या एका विषाणूच्या विकराची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ उलगडत नव्हती. या खेळाडूंनी तीन आठवड्यांत तिचा असा नमुना दिला की त्यावरून रचना निश्चित करता आली. हे काम २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. खेळाडूंपैकी बहुतेकांचे जीवरसायनाशी काही नाते नव्हते. या खेळातून प्रथिन पुसून टाका, खेळच उरत नाही.

दुसरे उदाहरण प्राथमिक शाळेचे. जेकब हॅबगुड आणि शेरन एन्सवर्थ यांनी २०११ मध्ये भागाकाराच्या एका संगणकीय खेळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या एका आवृत्तीत अंगावर आकडे असलेल्या शत्रूंना हरवायचे तर त्या आकड्याला निःशेष भागणारे शस्त्र निवडावे लागे. म्हणजे भागाकार हीच चाल. दुसऱ्या आवृत्तीत शत्रूंवर आकडे नव्हते. भागाकाराचे प्रश्न पातळ्यांच्या मध्ये स्वतंत्र विचारले जात. गणित तेच, खेळही जवळपास तोच. पण पहिल्या आवृत्तीने मुले अधिक शिकली. आणि मोकळ्या वेळात हवी ती आवृत्ती खेळा म्हटल्यावर मुलांनी पहिल्या आवृत्तीला दुसरीच्या सातपट वेळ दिला. विषय खेळात मुरवला की मुले कंटाळतात, ही भीती यातून खोटी ठरते.

मराठीपुरते बोलायचे तर 'रीड अलाँग' या गूगलच्या वाचन-ॲपचे उदाहरण घेता येईल. २०१९ मध्ये ते भारतात 'बोलो' या नावाने आले आणि पुढे त्यात मराठीही आली. मूल गोष्ट मोठ्याने वाचते, ॲप ऐकते, शब्द अडला तर मदत करते आणि बरोबर वाचनावर तारे देते. इथेही तारे आहेतच. पण तारा मिळवण्यासाठी वाचावेच लागते, दुसरी पळवाट नाही. मजकूर पुसला तर ऐकायला काही उरत नाही. म्हणून ते निदान आपल्या कसोटीला उतरते.

बक्षिसाने आवड वाढते का?

इथे एक रास्त आक्षेप येईल. साखळीसाठी का होईना, मूल रोज पुस्तकापाशी येते. पुढे सवयीने गोडी लागेल, मग बिघडले कुठे?

या प्रश्नावर १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी केलेला बालवाडीतला प्रयोग शिक्षकांनी मुळातून समजून घ्यावा असा आहे. त्यांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले निवडली. काही मुलांना आधी सांगितले की चित्र काढलेस तर फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काही मुलांना आधी न सांगता नंतर ते दिले. काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात खडू-पेन समोर ठेवून नुसते पाहिले. बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले आता इतरांच्या निम्माच वेळ चित्रे काढत होती. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले होते त्यांची आवड मात्र घटलेली नव्हती. म्हणजे दोष बक्षिसात नव्हता, बोलीत होता. 'हे कर म्हणजे ते मिळेल' असे म्हटले की 'हे' दुय्यम ठरते, हे लहान मुलालाही कळते.

यावर पुढे बराच वाद झाला. १९९९ मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांना असे दिसले की आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसाने आवड घटते, मात्र कामाबद्दल दिलेल्या शब्दांच्या शाबासकीने ती वाढते. विद्यापीठाच्या वर्गात बिल्ले आणि क्रमवारी लावून हानुस आणि फॉक्स यांनी एक सत्रभर निरीक्षण केले (२०१५). बिल्ल्यांच्या वर्गातील विद्यार्थ्यांचा उत्साह दुसऱ्या वर्गाच्या तुलनेत कमी झाला आणि त्याबरोबर अंतिम परीक्षेतील गुणही कमी पडले.

पण पुराव्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सायलर आणि होमनर यांनी २०२० मध्ये अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा खेळीकरणाचा शिकण्यावर एकंदरीत अनुकूल, पण लहानसाच परिणाम दिसला. तेव्हा 'खेळीकरण वाईट' असे सरसकट विधान विज्ञानाला धरून होणार नाही. खेळीकरण हे एकच औषध नाही, एका नावाखाली बाटलीत भरलेली अनेक औषधे आहेत. काही गुणकारी, काही निरुपयोगी, काही अपायकारक. बाटलीवरचे नाव वाचून निर्णय घेता येत नाही.

साखळीचेच पाहा. रोज थोडे थोडे आणि अंतराअंतराने आठवून पाहणे स्मरणाला उपकारक असते, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले होते. म्हणजे रोज परत येण्यात तथ्य आहे. मात्र परत येऊन जे विसरत चालले आहे ते आठवायला हवे. जे मुळीच विसरणार नाही तेच पुन्हा पुन्हा केले तर साखळी वाढते, स्मरण वाढत नाही. ॲपने दिवस न मोजता 'महिन्यापूर्वी शिकलेल्या किती गोष्टी आज न पाहता सांगता आल्या' हे मोजले, तर हाच घटक शिक्षकाच्या बाजूने उभा राहील. तसे करण्यात तांत्रिक अडचण कोणतीही नाही.

मग तसे सर्रास का होत नाही? कारण कंपनीला आपल्या गुंतवणूकदारांसमोर रोज किती माणसे ॲप उघडतात हा आकडा मांडावा लागतो. मुलाला किती समजले हा आकडा तिथे कोणी मागत नाही. जे मोजले जाते तेच वाढवले जाते. ग्राहकाला फसवून गुंतवणाऱ्या रचनांबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत खोटी घाई करणे, सतत टुमणे लावणे अशा तेरा प्रकारांची नावे आहेत. हे योग्यच झाले. पण नववीतल्या मुलीने बर्फाचा प्रश्न अनेकदा सोडवणे ही फसवणूक नव्हे, त्यामुळे ते कोणत्याही नियमात बसणार नाही. ते शिक्षकालाच ओळखावे लागेल.

आपला वर्ग आणि आपले शिक्के

ॲपवाल्यांना बोल लावताना आपण आपल्याकडेही पाहायला हवे. वहीवरचे तारे, हातावरचे शिक्के, फळ्यावर लिहिलेला पहिला-दुसरा क्रमांक, शंभर टक्के हजेरीचे बक्षीस हे सारे खेळीकरणच आहे, आणि ते मोबाइलच्या पुष्कळ आधीपासून आपल्या शाळांत आहे. सुवाच्य अक्षरासाठी तारा मिळतो असे कळले की मुले सुवाच्य अक्षरात उत्तर उतरवून काढतात. खोडरबराची कसोटी या ताऱ्यांनाही लावावी.

याच संदर्भात वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. त्याला साधी सापशिडी आणि दोन फासे पुरतात. नियम एकच बदलायचा. दोन फाशांवर जे अंक पडतील त्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार किंवा नेमका जात असेल तर भागाकार, यांपैकी कोणतीही एक क्रिया खेळणाऱ्याने निवडायची आणि येईल तितकी घरे पुढे जायचे. समजा, सोंगटी ४५ वर आहे, ५२ वर साप आहे, ५७ वर शिडी आहे आणि फाशांवर ४ आणि ३ पडले. बेरीज केली तर ७, म्हणजे थेट सापाच्या तोंडात. गुणाकार केला तर १२, म्हणजे शिडी. वजाबाकी केली तर ४६ वर सुखरूप. आता मुलाला निर्णय घ्यावा लागतो आणि निर्णयासाठी तीन हिशेब करावे लागतात. नुसत्या नशिबाच्या खेळात गणित शिरले, तेही वेगळा गुण किंवा बिल्ला न लावता.

वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने ही सापशिडी खेळावी. दुसऱ्याने नेहमीची खेळावी, पण प्रत्येक खेळीआधी त्याला बेरीज-गुणाकाराचे एक उदाहरण घालावे आणि बरोबर उत्तराला एक तारा द्यावा. दोन आठवड्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. कोणत्या गटाचे तोंडी हिशेब सुधारले, आणि मधल्या सुट्टीत न सांगता कोणता पट बाहेर निघतो. दोन्ही गटांतील मुलांची तयारी आरंभी साधारण सारखी आहे ना, हे आधी छोट्या चाचणीने पाहून घ्यावे. उत्तर काय येईल हे मी गृहीत धरलेले नाही. वर्ग लहान असेल तर एका प्रयोगावरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. पण केलेल्या नोंदी जपून ठेवाव्यात आणि शेजारच्या शाळेलाही हा प्रयोग करायला सांगावे.

आमच्या शेजारच्या मुलीला मी साखळी तोड असे सांगितले नाही. ११२ दिवसांची मिळकत कोणी दुसऱ्याच्या सांगण्यावरून टाकत नाही, आणि ती टाकायला लावणे मलाही रुचले नसते. तिला एवढेच सुचवले की रोज साखळीचा पाठ झाल्यावर, न येणारा एक तरी प्रश्न उघडायचा आणि तो चुकला तर वहीत लिहायचा. परवा तिने ती वही दाखवली. त्यात नऊ प्रश्न होते. सातवा असा होता : बर्फ वितळत असताना उष्णता देत राहिलो तरी तापमान का वाढत नाही? त्याखाली तिने उत्तर लिहून खोडले होते, पुन्हा लिहून पुन्हा खोडले होते. या नऊ प्रश्नांना कुठे घंटी वाजलेली नाही. ऐरोली येईपर्यंत आम्ही त्या सातव्या प्रश्नावरच बोलत होतो आणि तो पुरा व्हायच्या आत तिचे स्थानक आले.